किमयागाराची भट्टी : चित्रातली आणि खरी

काही वर्षांपूर्वी माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात रसायनशास्त्राच्या इतिहासावर बोलण्याचा प्रसंग आला. अशा वेळी पुष्कळजण करतात तेच आम्ही केले. पडद्यावर एक प्रसिद्ध चित्र दाखवले आणि म्हटले, "हा किमयागार. परीस शोधता शोधता याला फॉस्फरस सापडला. अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या विज्ञानाचे हे चित्र आहे." वाक्य सभेला आवडले. पण चहाच्या सुट्टीत एक शिक्षक जवळ आले. त्यांच्या घरी पूर्वी लोहारकाम चालत असे. त्यांनी विचारले, "सर, त्या चित्रात भट्टी कुठं आहे? भाता कोण मारतंय? एवढी उष्णता आली कुठून?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. ते चित्र आम्ही कितीतरी वेळा दाखवले होते, पण भट्टी शोधण्यासाठी एकदाही पाहिले नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. किमयागारांची म्हणून जी दोन चित्रे पुस्तकांत आणि तक्त्यांवर वारंवार दिसतात, त्यांचे भट्टीच्या अंगाने परीक्षण करावे असा विचार आहे. चित्रकलेतले आम्ही जाणकार नाही, त्यामुळे रंगरेषांचे मोल करण्याच्या भरीला पडणार नाही. ही चित्रे रसायनशास्त्राविषयी काय सांगतात, त्यात खरे किती आणि विद्यार्थ्यांच्या मनावर ती काय ठसवतात, एवढेच पाहू.

पहिले चित्र : घर खाणारी भट्टी

पहिले चित्र पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराचे. मूळ रेखाटन १५५८ सालचे असून ते आज बर्लिनमध्ये आहे. त्यावरून फिलिप्स गाले याने तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम केले आणि अँटवर्पच्या हिरोनिमस कॉक या प्रकाशकाने त्याच्या प्रती छापून विकल्या. आपल्याला पुस्तकांत दिसते ती बहुधा ही छापील आवृत्ती.

चित्रात एक घर आहे, पण घरपण उरलेले नाही. डावीकडे चुलाण्यापुढे बसलेला किमयागार मुशीत नाणे टाकतो आहे. ते बहुधा घरातले शेवटचेच असावे. मध्यभागी त्याची बायको रिकामी थैली उलटी करून दाखवते आहे. विदूषकाची टोपी घातलेला मदतनीस भाता मारतो आहे. मुले रिकाम्या फडताळात चढली आहेत आणि एकाने डोक्यावर भांडेच घातले आहे. उजवीकडे एक पंडित ग्रंथ उघडून बसला आहे आणि पानावरच्या शब्दांकडे बोट दाखवतो आहे. ते शब्द म्हणजे 'अल्केमिस्ट' या नावावर केलेली कोटी असून त्यांचा अर्थ होतो 'सारे वाया गेले'. मागच्या खिडकीतून पुढचा अंक दिसतो : तेच कुटुंब गरीब-निराधारांच्या आश्रयगृहाच्या दारात उभे आहे.

सामाजिक टीका म्हणून हे चित्र चोख आहे. सोने करून देतो असे सांगून लोकांना लुबाडणारे त्या काळी होतेच. इंग्लंडमध्ये तर सोन्याचांदीची 'वाढ' करण्याविरुद्ध १४०४ साली कायदा झाला आणि तो १६८९ पर्यंत टिकला. तो रद्द व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत खुद्द रॉबर्ट बॉइल होता. लोभापायी घर धुळीला मिळवणारा माणूस ब्रूगेलने पाहिलेला असणार. आपणही तो पाहिलेला आहे, फक्त त्याच्या हातात मूस नसते, दुसरे काहीतरी असते.

आमची तक्रार वेगळी आहे. या चित्रात विस्तव म्हणजे उघडे चुलाण आणि भात्याने फुंकलेली आग. एका खोलीत, एका वेळी, हाताला येईल ते पात्र विस्तवावर ठेवलेले. भात्याच्या जोरावर लोणारी कोळसा चांदी किंवा तांबे वितळवण्याइतका तापतो हे खरे. पण भात्याची आग हाताबरोबर चढते आणि हात थकला की उतरते. अशा आगीवर सहा तासांचे ऊर्ध्वपातन होत नाही, मग चाळीस दिवसांच्या प्रक्रियेची गोष्टच नको. म्हणजे ब्रूगेलने जो माणूस दाखवला तो फसलेला किमयागार तर आहेच, शिवाय तो किमयेच्या कारागिरीतही कच्चा आहे. बघणारा मात्र त्यालाच सर्व किमयागारांचा प्रतिनिधी समजतो.

खरी भट्टी कशी होती

जाणत्या किमयागाराच्या कामाच्या जागी एक भट्टी नसे, अनेक असत, आणि प्रत्येकीचे काम ठरलेले असे. 'गेबर' या नावाने मध्ययुगीन युरोपात जे लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध होते, त्यांत भट्ट्यांवरचे लेखन स्वतंत्रपणे येते. त्यांच्या भाषेत आगीच्या 'पायऱ्या' होत्या. त्या कशा साधल्या जात हे पाहिले की डोके कुठे चालत होते ते कळते.

सर्वांत सौम्य पायरी घोड्याच्या लिदीची. कुजणाऱ्या लिदीत पात्र पुरून ठेवले की त्याला दिवसचे दिवस कोमट ऊब मिळे. त्यावरची पायरी पाण्याची. पात्र थेट विस्तवावर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवायचे. पाणी उकळत आहे तोवर शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आग थोडी वाढली तरी आतला पदार्थ करपत नाही. ही युक्ती मारिया नावाच्या प्राचीन किमयागार बाईंच्या नावावर आहे आणि फ्रेंच स्वयंपाकघरात आजही ते साधन तिच्याच नावाने ओळखले जाते. आमच्या प्रयोगशाळेतला वॉटर बाथ तो हाच. त्यावरची पायरी राखेची, मग वाळूची. वाळू सावकाश तापते, उष्णता सगळीकडून सारखी देते आणि काचपात्र तडकू देत नाही. शेवटची पायरी उघड्या ज्वालेची. त्यासाठी काचेच्या पात्राला बाहेरून माती, लीद आणि केस कालवून केलेला लेप देत.

दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी 'अथेनॉर' नावाची भट्टी असे. हा शब्द अरबीतील 'अल्-तन्नूर' या शब्दावरून आला. आपला तंदूर त्याच घराण्यातला. अथेनॉरमध्ये एक उंच, बंद मनोरा कोळशाने भरून ठेवत. खालचा कोळसा जळाला की वरचा आपल्या वजनाने खाली सरके. बाजूच्या वाटेने उष्णता शेजारच्या कोठीत जाई आणि त्या कोठीत वाळूत किंवा राखेत पात्र ठेवलेले असे. हवेचे भोक लहानमोठे केले की आग मंद किंवा तेज होई. एकदा भरली की ही भट्टी कितीतरी तास कुणी न बघता चाले. म्हणून तिला विनोदाने 'आळशी हेन्री' असे नाव पडले होते. विद्यार्थ्यांना स्वयंचलित यंत्रणेचे उदाहरण देताना आपण वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतो. इंधन आपोआप पुरवणारी ही भट्टी त्याच्या कितीतरी आधीची आहे.

याउलट अतिशय तीव्र उष्णतेसाठी वाऱ्याची भट्टी असे. तिला भाता नसतोच. उंच धुराड्यातली तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालच्या जाळीतून थंड हवा ओढली जाते. धुराडे जितके उंच तितकी ओढ जास्त, जितकी ओढ जास्त तितका कोळसा तेज. योहान रुडॉल्फ ग्लाउबर याने अशा भट्ट्यांवर १६४६ ते १६४९ या काळात ॲमस्टरडॅमहून पाच भागांचा ग्रंथच प्रसिद्ध केला. मीठ आणि गंधकाम्ल यांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल करण्याची त्याची रीत आणि मागे उरणारे सोडियम सल्फेट, म्हणजे ज्याला आपण आजही 'ग्लाउबरचे लवण' म्हणतो ते, या भट्ट्यांच्याच आधाराने घराघरांत पोचले.

यातली एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. या सर्व भट्ट्यांत आग आवरण्याचे साधन म्हणजे हवा आवरणे. भोकांना मातीचे गट्टू बसवून हवा मोजून द्यायची. ज्वलनात हवेचा कोणता भाग खर्च होतो हे लाव्हॉझिएने सांगितले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पण ज्वलन हवेवर अवलंबून आहे आणि हवा कमीजास्त केली की उष्णता कमीजास्त होते, हे भट्टीवाल्याच्या हाताला शेकडो वर्षे ठाऊक होते. सिद्धान्त चुकीचा असूनही हात बरोबर चालत होता.

दुसरे चित्र : भट्टीशिवाय उजेड

आता आमच्या व्याख्यानातले चित्र. ते इंग्लंडमधील डर्बी गावच्या जोसेफ राइट या चित्रकाराने १७७१ मध्ये प्रदर्शनात मांडले. ते विकले गेले नाही. १७९५ मध्ये त्याने त्यावर पुन्हा हात फिरवला. आज ते डर्बीच्याच संग्रहालयात आहे. चित्राच्या लांबलचक नावात सगळी कथा सांगितली आहे : परिसाच्या शोधात असलेला किमयागार फॉस्फरस शोधतो आणि जुन्या रसायन-ज्योतिष्यांच्या रिवाजाप्रमाणे कार्यसिद्धीसाठी प्रार्थना करतो.

चित्रात कमानींची उंच दगडी वास्तू आहे आणि टोकदार खिडकीतून चंद्र दिसतो. पांढऱ्या दाढीचा म्हातारा गुडघा टेकून बसला आहे. त्याच्यापुढे मोठे फुगीर काचपात्र झगझगते आहे आणि त्यातून तेजस्वी वाफेची चिळकांडी उडते आहे. मागे दोन तरुण मदतनीस आहेत. सगळे चित्र त्या एका पात्राच्या उजेडात न्हाले आहे.

हा शोध लावणारा हेनिग ब्रांट हा हाम्बुर्ग शहरातला. साल १६६९. म्हणजे लंडनच्या रॉयल सोसायटीची स्थापना होऊन नऊ वर्षे झाली होती. त्याच वर्षी न्यूटन केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षीच्या त्याच्या हिशेबात रसायनांबरोबर दोन भट्ट्यांच्या खरेदीचीही नोंद आहे. पुढे त्याच्या मदतनिसाने लिहून ठेवले की वसंतात आणि शरदात सहा-सहा आठवडे प्रयोगघरातली आग दिवसरात्र विझत नसे आणि विटांच्या भट्ट्या न्यूटन गवंड्याला न बोलावता स्वतःच रचत व बदलत असे. राइटने या काळाला मध्ययुगीन मठाचा पोशाख चढवला. त्यामुळे बघणाऱ्याला वाटते की किमया ही कुठल्यातरी अंधाऱ्या, दूरच्या युगातली गोष्ट आणि न्यूटन ही आपल्या युगातली. प्रत्यक्षात ब्रांट आणि न्यूटन एकाच काळातले, एकाच छंदातले.

रसायनाच्या बाजूने पाहिले तर अडचणी आणखी आहेत. ब्रांटची पद्धत अशी : मानवी मूत्र मोठ्या प्रमाणात साठवून आटवायचे आणि उरलेला घट्ट साका तीव्र तापवायचा. मूत्रातील फॉस्फेटाचे, सेंद्रिय द्रव्यांपासून झालेल्या कार्बनच्या साहाय्याने, क्षपण होते आणि फॉस्फरसची वाफ बाहेर पडते. सगळे अडते ते 'तीव्र' या शब्दावर. ही क्रिया व्हायला उष्णता हजार अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून वर न्यावी लागते, आणि ती तासन् तास टिकवावी लागते. लंडनमध्ये बॉइलला फॉस्फरस मूत्रापासून होतो याचा सुगावा लागला होता, तरी त्याच्या माणसांना तो सुरुवातीला मिळेना. त्याचा जर्मन मदतनीस हँकविट्झ हाम्बुर्गला जाऊन आला तो एकच महत्त्वाची गोष्ट शिकून : भट्टी फार तेज लागते. मग काम झाले. पुढे या हँकविट्झने लंडनमध्ये धंदा थाटला आणि कितीतरी वर्षे युरोपभर फॉस्फरस विकला. तेव्हा फॉस्फरसच्या शोधातला खरा नायक कोण असे कोणी विचारले, तर आम्ही भट्टीकडे बोट दाखवू. राइटच्या चित्रात नेमका तिच्याच वाट्याला उजेड आलेला नाही.

वाफेच्या त्या चिळकांडीबद्दलही बोलले पाहिजे. पांढरा फॉस्फरस हवेत तिसाच्या थोड्या वर अंशांनाच पेट घेतो. त्याची गरम वाफ पात्राबाहेर आली तर ती जळणार, डोळे दिपवणारा उजेड पडणार आणि फॉस्फरसच्या ऑक्साइडचा दाट पांढरा धूर दाटणार. म्हणजे चित्रातला उजेड अगदीच खोटा नाही. पण तो फॉस्फरसचा जो प्रसिद्ध थंड हिरवट प्रकाश, तो नव्हे. तो मंद असतो आणि अंधाऱ्या खोलीतच दिसतो. चित्रात जे दिसते आहे ते उत्पादन जळून वाया जाताना. जाणता कारागीर रिटॉर्टची चोच पाण्यात बुडवून ठेवतो, म्हणजे फॉस्फरस पाण्याखाली हवेपासून दूर गोठतो. अशा वेळी आमच्या प्रयोगशाळेत कोणी हात जोडून बसला, तर आम्ही त्याला आधी भट्टीची हवा बंद करायला सांगू.

राइटला भट्टी रंगवता येत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. त्याच १७७१ साली त्याने लोहाराच्या दुकानाचे चित्र काढले आणि पुढच्या वर्षी लोखंडाच्या कारखान्याचे. त्यांत ऐरणीवरच्या तापलेल्या लोखंडाचा उजेड माणसांच्या दंडांवर आणि चेहऱ्यांवर असा पडला आहे की त्याने हे काम जवळून पाहिले होते याविषयी शंका राहत नाही. लोहाराच्या चित्रात त्याला कष्ट दाखवायचे होते, म्हणून आग आली. किमयागाराच्या चित्रात चमत्कार दाखवायचा होता, म्हणून ती गेली. एकाच चित्रकाराने एकाच वर्षी हातांना आणि डोक्याला अशा दोन वेगळ्या खोल्यांत बसवले, हीच आमच्या मते या चित्राची मोठी उणीव. दुःख याचे की रसायनशास्त्राचा इतिहास शिकवताना आपणही तसेच करतो.

तिसरे चित्र, जे कोणी दाखवत नाही

ब्रूगेलच्या रेखाटनाच्या दोनच वर्षे आधी, १५५६ मध्ये, बासेल शहरात गेऑर्ग अ‍ॅग्रिकोलाचा खाणकाम आणि धातुशोधनावरचा मोठा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक आदल्याच वर्षी वारला होता. या ग्रंथात लाकडी ठशांवरून छापलेली शेकडो चित्रे आहेत. भट्टी कापून आतली बाजू दाखवलेली, प्रत्येक भागाला अक्षर दिलेले आणि खाली त्या अक्षराचा खुलासा. आजच्या पाठ्यपुस्तकातील 'नामनिर्देशित आकृती' ही त्याच कुळातली. १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर ज्या दांपत्याने केले, त्यातले पती हर्बर्ट हूव्हर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

अ‍ॅग्रिकोलाचा सातवा भाग धातुपरीक्षेचा आहे. १५७४ मध्ये प्रागहून प्रसिद्ध झालेला लाझारस एर्करचा जर्मन ग्रंथही याच विषयावरचा. एर्करच्या एका चित्रात परीक्षक फट पाडलेल्या फळीआडून भट्टीत पाहताना दिसतो, म्हणजे डोळे भाजत नाहीत. पुस्तकाच्या आवरणावर छापायचे तर आम्ही हे चित्र छापू. या माणसाच्या चेहऱ्यावर भक्ती नाही, हावही नाही. तो बघतो आहे.

काय बघतो आहे? खनिजात चांदी किती, हे ठरवायचे आहे. खनिज शिशाबरोबर वितळवून मिळालेला गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवतात. ती वाटी मातीच्या एका कमानदार खोपीत असते आणि खोपीभोवती कोळसा. या खोपीला 'मफल' म्हणतात. कोळसा आणि राख पदार्थात पडू नये पण हवा मात्र आत यावी अशी तिची रचना असते. तापल्यावर शिशाचे ऑक्साइड, म्हणजे मुरदाडशिंग, तयार होते, ते वितळून हाडांच्या राखेत शोषले जाते आणि चांदीचा मणी मागे राहतो. मुरदाडशिंग सुमारे ८८८ अंशांना वितळते, चांदी सुमारे ९६२ अंशांना. भट्टी थंड पडली तर गोळ्यावर ऑक्साइडची साय धरते आणि क्रिया थांबते. फार तापली तर चांदीही शिशाबरोबर जाते आणि हिशेब चुकतो. म्हणजे खेळ शे-दीडशे अंशांच्या पट्ट्यातला आणि उष्णतामापक नाही! खोपीच्या तोंडाशी निखारे मागेपुढे सरकवून आणि रंग बघून हे साधायचे. शेवटी मणी तराजूत तोलायचा. हा तराजू वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेवत.

'लाव्हॉझिएने रसायनशास्त्रात प्रथम तराजू आणला' असे आपण मुलांना सांगतो. हे वाक्य आता सोडले पाहिजे. क्रियेपूर्वी आणि क्रियेनंतर तोलणारी माणसे त्याच्या दोनशे वर्षे आधी भट्टीपुढे बसलेली होती. लाव्हॉझिएचे श्रेय त्याने कमी होत नाही. वायूंसकट सगळ्यांचा हिशेब मांडण्याची त्याची झेप मोठीच होती. आणि भट्टीचे ऋण तो स्वतः विसरला नव्हता. १७८९ च्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या शेवटच्या भागात भट्ट्यांची चर्चा आहे आणि उपकरणांच्या आकृत्या त्याच्या पत्नीने, मारी-अ‍ॅन यांनी, काढल्या आहेत. विसरलो ते आपण.

मापाशिवाय माप

उष्णतामापक नव्हता म्हणजे माप नव्हते असे नाही. तापलेल्या मुशीचा रंग हेच माप होते. मंद लाल म्हणजे साधारण ६५० ते ७०० अंश, लालबुंद म्हणजे आठशेच्या पुढे, नारिंगी म्हणजे हजाराच्या जवळ, पिवळा अकराशे आणि पांढुरका तेराशेच्या वर. सरावलेल्या डोळ्याला यातला फरक नीट कळतो. आमच्या प्रयोगशाळेत एकदा भट्टीचे तापमान दाखवणारे यंत्र बिघडले, तेव्हा एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने झरोक्यातून पाहून आकडा सांगितला. यंत्र दुरुस्त झाल्यावर कळले, चूक वीस-पंचवीस अंशांचीच होती.

पाऱ्याचा उष्णतामापक इथे चालत नाही, कारण पारा ३५७ अंशांना उकळतो. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभारकाम-कारखानदाराने १७८२ मध्ये त्यावर तोड काढली. मातीचे ठरावीक मापाचे तुकडे भट्टीत टाकायचे आणि ते किती आकसले ते मोजायचे. साध्या उष्णतामापकाशी या मापाचा सांधा जुळवताना मात्र तो फार चुकला. त्याच्या कोष्टकाप्रमाणे बिडाचे लोखंड वितळते ते जवळजवळ १०,००० अंश सेल्सियसला. खरा आकडा सुमारे १२०० आहे! तरीही ते माप लोकांनी वापरले, कारण कालची भट्टी आणि आजची भट्टी सारखी तापली की नाही एवढे ते बरोबर सांगे. आकडा चुकीचा असूनही माप उपयोगी असू शकते, हा धडा नववी-दहावीच्या वर्गात मोलाचा आहे.

हसण्याआधी करून पाहावे

आपण किमयागारांना हसतो ते बहुधा त्यांच्या कृती करून न पाहता. अमेरिकेतील लॉरेन्स प्रिन्सिपे हे रसायनशास्त्रज्ञ आणि इतिहासकार. त्यांनी जुन्या कृती प्रयोगशाळेत करून पाहिल्या. अँटिमनीच्या खनिजापासून सोनेरी पारदर्शक काच करण्याची एक कृती त्यांना शुद्ध रसायने वापरून जमेना, प्रत्येक वेळी करडा गोळा मिळे. मग त्यांनी बाजारातले शुद्ध संयुग सोडून पूर्व युरोपातले नैसर्गिक खनिज घेतले आणि काच झाली. खनिजात थोडी सिलिका होती, आणि तीच हवी होती. जुना लेखक खोटे बोलत नव्हता. आपण फार शुद्ध द्रव्य वापरत होतो.

मुशींचेही तसेच. जर्मनीतील हेसे प्रांतातल्या मुशी शतकानुशतके युरोपभर नावाजलेल्या होत्या, आणि त्यांचे रहस्य कोणाला उलगडत नव्हते. २००६ मध्ये त्यांच्या तुकड्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या मुशींत म्युलाइट हे संयुग सापडले. केओलिनयुक्त माती अकराशे अंशांच्या वर भाजली की ते तयार होते आणि उष्णतेला व रसायनांना दाद देत नाही. त्या कुंभारांना म्युलाइट हा शब्द माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. माती कोणती घ्यायची आणि किती भाजायची हे त्यांना माहीत होते.

आपल्याकडेही हे ज्ञान होते. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात मूषा, कोष्ठी आणि पुट यांची तपशीलवार वर्णने आहेत. पुट म्हणजे खड्ड्याचे माप आणि गोवऱ्यांची संख्या ठरवून दिलेली आच. उष्णता मोजता येत नाही, तर इंधन आणि जागा मोजा, हा विचार तोच. 'मूस' हा आपला शब्द त्या मूषेवरूनच आला. याचा अभिमान जरूर असावा, पण 'आमच्याकडे सगळे आधीच होते' असे म्हणून थांबणारा अभिमान आणि 'ते सगळे अडाणी होते' असे म्हणून थांबणारी टिंगल, यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत भट्टी पेटवून पाहायचे राहून जाते.

वर्गात काय करता येईल

ही दोन्ही चित्रे वर्गातून काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. ती दाखवावीत आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत. आग कुठे आहे? हवा कुठून येते आणि धूर कुठे जातो? किती तापले हे या माणसाला कसे कळते? कोळसा कोण आणतो? ब्रूगेलच्या चित्रात पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडते, तिसऱ्याचे सापडत नाही. राइटच्या चित्रात शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नाही. एर्करच्या चित्रात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समोर बसलेले आहे. फॉस्फरसचा प्रयोग मात्र वर्गात करू नये. पांढरा फॉस्फरस विषारी आहे आणि त्याची भाजणी फार वाईट.

गावात सोनार, लोहार किंवा कुंभार असेल तर त्याच्याकडे मुलांना घेऊन जावे. तापलेल्या धातूचा रंग पाहून तो काय ओळखतो, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. वर्गात त्या घरातला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्या दिवशी शिकवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. रसायनशास्त्राच्या इतिहासात आपल्या माणसांना जागा आहे, हे त्या मुलांना पुस्तकातून कळत नाही.

व्याख्यानात आम्ही अजूनही राइटचे चित्र दाखवतो. पण आता त्याआधी फळीआडून बघणारा परीक्षक येतो आणि टाळ्या घेणारे ते वाक्य आम्ही गाळले आहे. त्याऐवजी पडद्याकडे हात करून त्या शिक्षकांचाच प्रश्न सभेला विचारतो : यात भट्टी कुठे आहे?